छे, शर्यत कसली!

सायकलवरून कामाला निघालेल्या दोन माणसांत शर्यत लागली आहे हे ओळखण्याची एकच खूण असते : दोघांपैकी एकाच्याही चेहऱ्यावर ती दिसत नाही. कुस्तीत पैलवान शड्डू ठोकतात, बुद्धिबळवाले हात मिळवतात, भांडणातसुद्धा माणूस आधी बाह्या सरसावतो. सायकलवाला यातलं काहीच करत नाही. मागून एकजण येतो, घंटी वाजवतो, शेजारून पुढे जातो आणि दुकानांच्या पाट्या वाचत असल्यासारखा चेहरा करतो. मागे पडलेला गृहस्थ तितक्याच निर्विकारपणे आभाळाकडे बघतो, सीटवर जरा सावरून बसतो आणि पुढच्या फर्लांगभरात पहिल्याला गाठतो. आता दोघांचाही श्वास फुललेला असतो, पण तो नाकानंच घ्यायचा. तोंड उघडलं की हरलात. अशा वेळी कुणी मध्ये पडून "काय, शर्यत का?" असं विचारलं तर दोघेही एका सुरात म्हणतील, "छे, शर्यत कसली! कामावर चाललोय."

फ्रान्समधल्या त्या प्रसिद्ध 'टूर'चा 1903 सालापासूनचा इतिहास लिहिलेला आहे. कोण कुठल्या घाटात पुढे होता आणि कुणाचं चाक कुठे मोडलं, सगळं नोंदलेलं आहे. पण रोज सकाळी सात ते आठ या वेळात पुण्याच्या रस्त्यांवर जी शर्यत पिढ्यान्पिढ्या चालली, तिचा इतिहास कुणी लिहिला नाही. कारण उघड आहे. जी शर्यत झालीच नाही असं दोन्ही पक्ष शपथेवर सांगतात, तिचा इतिहास लिहिणार कसा? तरी मी तो लिहायला बसलो आहे. माझी पात्रता एवढीच, की 1969 ते 1986 अशी सतरा वर्षं मी शनिवार पेठेतून हॅरिस पुलापलीकडच्या एका कारखान्यात हिशेबनिशी करायला सायकलनं जात होतो. जाऊन-येऊन वीस किलोमीटर. एवढ्या प्रवासात माणसाला शहाणपण येत नसलं तरी पोटऱ्या येतात.

आमच्या या इतिहासाची सुरुवात 1888 सालापासून करावी असं माझं मत आहे. (इतिहासाला साल लागतं. साल नसलं की त्याला आठवणी म्हणतात, आणि आठवणी ऐकायला घरात कुणी थांबत नाही.) त्याच्या तीनच वर्षं आधी, 1885 साली, स्टार्ली नावाच्या इंग्रजानं 'रोव्हर' सायकल काढली होती. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला चेन, म्हणजे आज आपण जिला सायकल म्हणतो ती. त्यापूर्वीची सायकल म्हणजे पुढे एक माणसाएवढं चाक आणि मागे एक त्याचं नातवंड. तिच्यावर चढायला शौर्य लागे आणि उतरायला नशीब. तिच्यावरून कुणी रोज कामावर गेला असेल असं मला वाटत नाही. गेला असला तरी वेळेवर पोचला नसेल.

तर 1888. त्या वर्षी बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. पोराची तीनचाकी खडखडते म्हणून त्यानं हा उद्योग केला होता. पंक्चर नावाच्या संस्थेचा पायाही त्याच वर्षी घातला गेला, हे डनलॉपचे चरित्रकार सोयीस्करपणे विसरतात. त्याच वर्षी आपल्याकडे बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान काढलं. नांगर, चरक, इंजिनं हे सगळं नंतर. त्या एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात सायकलीपासून झाली. आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या पार्लमेंटानं स्थानिक कारभाराचा एक लांबलचक कायदा करताना त्यात सायकलवाल्यांसाठी एक कलम घुसडलं : सायकल हे वाहन समजावं, अंधारात दिवा लावावा, आणि रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला, घोड्याला किंवा गाडीला ओलांडून पुढे जाण्यापूर्वी घंटी किंवा शिट्टी वाजवून त्याला तशी कल्पना द्यावी.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. पुढे जायचं तर जा बापडा, पण सांगून जा. विलायतेत ही घंटीची सक्ती 1930 साली उठली. पुण्यात ती रिवाज म्हणून कितीतरी वर्षं टिकली, कारण पुणेकर मनातली गोष्ट सांगितल्याशिवाय कुणाच्याही पुढे जात नाही.

शर्यतीचा रोगही तेव्हाचाच. 1890 नंतरच्या दहा वर्षांत लंडन, न्यूयॉर्ककडे हँडल खाली वाकवून, मान घालून भरधाव जाणाऱ्या तरुणांनी उच्छाद मांडला. इंग्रजीत त्यांना 'स्कॉर्चर' म्हणत. म्हणजे रस्ता करपवणारे. न्यूयॉर्कात 1895 साली पोलिसांचं खास सायकल पथक निघालं. त्या पथकाचं एक काम, वेगात जाणाऱ्या सायकलवाल्याला त्याहून वेगात जाऊन पकडणं. थोडक्यात, शर्यत बंद करण्यासाठी सरकारनं आपला एक स्पर्धक उतरवला.

पण हे स्कॉर्चर झाले उघड शर्यतवाले. आपला विषय निराळा आहे. आपला माणूस कॅरिअरला जेवणाचा डबा लावून, उजव्या पायाच्या पँटला क्लिप लावून, डोक्यात कर्जाचा हप्ता घेऊन निघालेला असतो. त्याला पदक नको असतं. त्याला फक्त पुढचा माणूस पुढे नको असतो.

पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, ते काही कौतुकानं दिलेलं नाव नव्हतं, नुसतं वर्णन होतं. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 सालचा. स्वातंत्र्यानंतर मुंबई रस्त्यानं कारखाने वाढत गेले. पिंपरीला पेनिसिलीन आलं, पुढे टेल्को आली, आकुर्डीला बजाज आलं. कामगार आणि कारकून मात्र बरेचसे पेठांतच राहिले. त्यामुळे सकाळी नव्या पुलावरून (शंभरी उलटली तरी त्याला नवा पूलच म्हणतात, पुण्यात एकदा नवं म्हटलेलं जुनं होत नाही) जी रांग निघे, ती शिवाजीनगर, वाकडेवाडी, खडकी, बोपोडी करत पुढे जाई. मधूनच एखादी एस.टी. जायची, पण ती पाहुण्यासारखी. रस्ता सायकलींचा.

या रांगेत सायकलींच्या जाती होत्या. विलायती गाड्या वडिलोपार्जित, म्हणजे वडिलांनी घेतलेल्या आणि अजून चालू. बाकीच्या देशी. मद्रासची टी.आय. कंपनी हर्क्युलस आणि बी.एस.ए. बनवी, आसनसोलची सेन-रॅले कंपनी रॅले आणि हंबर, सोनपतची अ‍ॅटलास. बी.एस.ए. म्हणजे बर्मिंगहॅमची मूळ बंदुका बनवणारी मंडळी. खूणसुद्धा एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुकांची. आमच्या रस्त्यावर दारूगोळ्याच्या कारखान्यातले बरेचजण बी.एस.ए.वरून जात. घराणं जुळून आलं होतं. मी हर्क्युलसवाला. हर्क्युलस म्हणजे ग्रीकांचा भीम, पण माझ्या सायकलीचं आणि भीमाचं साम्य फक्त वजनात होतं.

आता नियम. ते कुठे छापलेले नव्हते, आणि कुणी मोडलेलेही मी क्वचितच पाहिले.

घंटीचं सांगितलंच. ती एकदाच वाजवायची. दोनदा वाजवली तर 'बाजूला व्हा' असा अर्थ होतो आणि तो अपमान असतो. उतारावर मिळवलेला विजय धरायचा नाही, तो गुरुत्वाकर्षणाचा. चढावरचा धरायचा. वाऱ्याविरुद्धचा दुप्पट धरायचा. ज्याच्या दांडीवर पोर बसलं आहे, ज्याच्या कॅरिअरवर दळणाचा डबा आहे किंवा जो पोस्टमन आहे, तो स्पर्धेबाहेर. त्याला ओलांडताना चेहरा जरा ओशाळा ठेवायचा. आणि दूधवाल्याशी तर स्पर्धाच नाही. दोन बाजूंना दोन आणि मागे एक अशा किटल्या लटकावून, उभ्यानं पॅडल मारत जो गवळी सकाळी जातो, त्याला हरवलेला कारकून मी पाहिलेला नाही. आम्ही त्याला रस्त्यातली नैसर्गिक शक्ती समजत असू. पाऊस जसा आपल्याआधी पोचतो तसा तोही पोचतो.

मग फ्रीव्हीलचा नियम. हा सगळ्यांत नाजूक. सायकलवाल्यानं पाय थांबवले की मागच्या चाकातून टिकटिक आवाज येतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. पुढच्या माणसाच्या चाकातून टिकटिक सुरू झाली तर तिचे दोन अर्थ होतात. एक, तो दमला. दोन, तो 'मी दमलेलो नाही, मला घाई नाही' असं सांगतो आहे. कुठला अर्थ घ्यायचा हे मागच्याच्या सभ्यतेवर. सभ्य माणूस नेहमी दुसरा घेतो आणि आपणही टिकटिक करतो. अशा वेळी दोन सायकली शेजारी शेजारी टिकटिकत जातात, दोघांनाही दम खायला मिळतो आणि अब्रू दोघांचीही राहते. राजनीतीत याला तह म्हणतात.

शिवाय मदतीचे नियम. "अहो, कॅरिअरवरचा डबा सुटतोय!" "बाई, पदर चाकात जाईल!" "साहेब, स्टँड खाली आलाय!" हे शत्रूलासुद्धा सांगायचं. आणि संध्याकाळी दिव्याचं. त्या काळी बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट हे दोन्ही गुन्हे पोलीस मनापासून पकडत. पालिकेचा सायकलकर भरल्याचा बिल्ला नसला तर वेगळी भानगड. समोरून येणारा अनोळखी माणूस हळूच म्हणायचा, "पुढे मामा आहे." की लगेच पंधरा-वीस सायकलवाले टपाटप खाली उतरून सायकली हातात धरून चालू लागत. सायकल हातात धरून चालायला दिवा लागत नाही. हवालदार बिचारा बघत राही की आज एकाएकी सगळ्या पुण्याला पायी चालायची हौस कशी आली. तो नजरेआड झाला की पुन्हा टांग. एवढा वेळ शर्यत स्थगित. आणि ज्या क्रमानं उतरलो त्याच क्रमानं पुन्हा चढायचं.

आमच्या नातवाची सायकल सत्तावीस गिअरची आहे. तो रविवारी सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन येतो आणि त्याच्या फोनमधलं एक ॲप त्याला सांगतं, की अमुक चढावर तो साडेतीनशेपैकी एकशेबारावा आला. त्या साडेतीनशेंतल्या एकालाही त्यानं पाहिलेलं नाही. मी म्हटलं, "अरे, मग हरल्याचं दुःख कुणाकडे बघून करतोस?" तो म्हणाला, "आजोबा, ग्राफ असतो." असेल बुवा.

मला ग्राफ नव्हता. मला रॅलेवाला होता.

1970 च्या पावसाळ्यात तो पहिल्यांदा माझ्या पुढे गेला. उंच, सडपातळ, डोक्याला ताडपत्रीची टोपी, काळी रॅले. रॅलेच्या पुढच्या बाजूला बगळ्याच्या डोक्याची खूण असे, आणि स्वाराची मानही जवळपास तशीच. घंटी एकदा. मागच्या चाकाला नव्या चकचकीत तारा. वाकडेवाडीपर्यंत मी त्याच्या मागे होतो आणि खडकीला तो उजवीकडे वळून दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी मी पाच मिनिटं लवकर निघालो. तोही.

ही गोष्ट पुढे साडेसात वर्षं चालली. एवढ्या काळात आम्ही एकमेकांना नाव विचारलं नाही. नाव कळलं की ओळख होते, ओळख झाली की शेजारी शेजारी जाऊन महागाईवर बोलावं लागतं, आणि मग संपलं सगळं. त्यानं कुठल्या खात्यात काम केलं, त्याला मुलं किती, मला माहीत नव्हतं. पण गुरुवारी त्याच्या पॅडलला जोर कमी असतो हे माहीत होतं. बहुधा उपास असावा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चेनला तेल असायचं. एका चैत्रात त्याच्या हँडलला महिनाभर एक छोटी लाल पिशवी लटकत होती, औषधाच्या बाटल्यांची असावी. त्या महिन्यात मी त्याच्या पुढे गेलो नाही.

आमच्यात एक शाळेतल्या बाई होत्या. लेडीज सायकल, पाठीला ताठ, नऊवारीतून पाचवारीत आलेल्या पिढीतल्या. त्या नव्या पुलापासून शांतपणे येत आणि वाकडेवाडीच्या जरा अलीकडे आम्हां दोघांनाही मागे टाकून जात. घंटी एकदा. अशा वेळी रॅलेवाल्याला एकदम चेन तपासावीशी वाटे आणि मला पँटची क्लिप. दोघे खाली वाकलेले आणि बाई पुढे. वर बघितलं की आमची नजरानजर व्हायची आणि दोघेही गंभीरपणे मान फिरवायचो. साडेसात वर्षांत इतकं मनमोकळं संभाषण आमच्यात दुसरं झालं नाही.

वाऱ्याचं मात्र सांगायला हवं. मुंबई रस्ता वायव्येला जातो, आणि जून-जुलैत वारा पश्चिमेकडून तोंडावर येतो. वाऱ्यात पुढे असलेल्या सायकलच्या अगदी मागे राहिलं तर बरीच मेहनत वाचते. टूरमधले पट्टीचे सायकलपटूसुद्धा आळीपाळीनं पुढे होतात ते यासाठीच. कुणी आम्हांला हे शिकवलं नव्हतं. पण पावसाळ्यात तो शिवाजीनगरपर्यंत पुढे असायचा, मग जराशी टिकटिक करायचा, म्हणजे माझी पाळी. मी वाकडेवाडीपर्यंत वारा खायचा. तिथून पुन्हा तो. शर्यत अर्थातच चालू होती. फक्त ती पावसाळ्यापुरती दोघं मिळून वाऱ्याशी होती.

1952 च्या टूरमधलं एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. गालिबिएचा घाट, इटलीचे दोन महारथी, कॉप्पी आणि बार्ताली. अर्धी इटली एकाची, अर्धी दुसऱ्याची. दोघांनी टूर जिंकलेली, दोघांचं वैर नाक्यानाक्यावर चघळलं जायचं. आणि त्या चित्रात पाण्याची एक बाटली एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते आहे. कुणी कुणाला दिली यावर इटलीत वर्षानुवर्षं वाद झाला. ते चित्र मी फार उशिरा पाहिलं, आणि मला तो वाद कळेना. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या तोंडावर तीच ती आमची रस्त्यावरची मुद्रा होती : पाणी कसलं, आम्ही आपले चाललोय.

आमची बाटली म्हणजे वॉल्ट्यूब. व्हॉल्व्हवर चढवायची रबराची नळी, दोन बोटं लांब. 1974 साली ऐन मार्चअखेरीला, म्हणजे हिशेबनिसाला एक मिनिट उशीर चालत नाही अशा दिवशी, बोपोडीच्या अलीकडे माझ्या मागच्या चाकातली हवा सुंकरून गेली. त्या दिवशी तो खडकीला वळण्याऐवजी कशासाठी तरी सरळ आला होता. घंटी वाजली, तो पुढे गेला, टिकटिक झाली आणि थांबली. परत आला. खिशातून काड्याची पेटी काढली. तिच्यात काड्या नव्हत्या, वॉल्ट्यूबचे चार तुकडे होते. एक दिला. दांडीचा पंप काढून दिला. मी हवा भरत असताना तो रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला, कारण दुसऱ्याला खाली बसून हवा भरताना बघत राहणं बरं दिसत नाही. मी "आभारी आहे" म्हणालो. तो म्हणाला, "होतं असं." आणि आधी मला निघू दिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं मला नव्या पुलावरच मागे टाकलं. नाहीतर मला ते उपकार वाटले असते.

या सगळ्याला सुरुंग लागला तो 1972 साली, पण आवाज यायला वेळ लागला. स्कूटर आधीपासून होतीच, पण ती नंबर लावून मिळे. मुलाच्या मुंजीत लावलेला नंबर त्याच्या लग्नात यायचा. 1972 साली लूना आली. पन्नास सी.सी.ची, सायकलपेक्षा जराशी जाड, पॅडल मारून सुरू करायची. सायकलवाल्याला ती आपल्यातलीच वाटली, आणि घात तिथेच झाला. स्कूटर घेणारा माणूस वेगळ्या वर्गात जायचा. लूना घेणारा रांगेतच राहायचा, फक्त पॅडल मारायचा नाही. एकेक करत रांग भुरभुर करू लागली. सुरुवातीला लूनावाल्यांना लाज होती. ओळखीचा सायकलवाला दिसला की ते वेग कमी करत आणि म्हणत, "ठेवा खांद्यावर हात." मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, पाय न हलवता, सायकलवाला फुकट खेचला जाई. पुण्यातलं हे दृश्य जुन्या माणसांना आठवत असेल. मी कधी हात ठेवला नाही. ठेवणाऱ्यांना नावंही ठेवली नाहीत. कुणाचे गुडघे कसे असतात सांगता येत नाही.

1977 च्या दिवाळीनंतर रॅलेवाला दिसेनासा झाला.

पहिला आठवडा मी रजा धरली. दुसरा, पाळी बदलली असेल म्हणून. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की मी नव्या पुलावरून रेंगाळत जातो आहे आणि मला कारखान्यात उशिराचे शेरे मिळताहेत. विचारणार कुणाला? नाव माहीत नाही, खातं माहीत नाही, पेठ माहीत नाही. वाकडेवाडीच्या पंक्चरवाल्याला विचारलं, "ते रॅलेवाले दिसले नाहीत हल्ली?"

"कोण? मागच्या चाकाला सहा तारा नव्या टाकल्यात, पुढचं चाक जरा आऊट आहे, तेच ना?"

"तेच."

"नाही आली ती गाडी."

माणूस त्यालाही माहीत नव्हता. बाईंनी एके दिवशी पुढे जाताना पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं, आणि तेही माझ्याकडे नव्हे. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे.

फेब्रुवारीत मागून फटफट आली. घंटी वाजली. लूनाला घंटी! त्यानं हॉर्न असून रॅलेची घंटी काढून तिला लावली होती. एकदाच वाजली आणि फटफट माझ्या शेजारी येऊन मंदावली. जास्तच सडपातळ झाला होता.

"डॉक्टरांनी सायकल बंद केली," तो समोर बघत म्हणाला. "छातीचं दुखणं. महिनाभर झोपवून ठेवलं."

"आता कसं?"

"आता ही." त्यानं लूनाकडे असं बघितलं, की जणू कुणाचं तरी पोर सांभाळायला दिलं आहे. मग बराच वेळ काही नाही. माझं पॅडल आणि त्याचं इंजिन. शेवटी म्हणाला, "तुमचा डबा फार वाजतो हो. मागून येताय ते मला मंडईपासून कळायचं. घरी तुमचं नाव डबेवाले असं पडलंय. बायको दवाखान्यात विचारत होती, डबेवाल्यांना निरोप कसा द्यायचा."

त्याच्या घरात माझं नाव होतं, आणि मला ते आज कळत होतं. मी म्हटलं, "साडेसात वर्षांत चढावर तुम्ही मला फारसं पुढे जाऊ दिलं नाहीत."

"मोजत होतात काय?"

"म्हणजे, शर्यतच होती ना आपली?"

तो एकदम ताठ झाला. "छे, शर्यत कसली!" म्हणाला, आणि खडकीला उजवीकडे वळून गेला. खांद्यावर हात ठेवायला त्यानं मला सांगितलं नाही. तेवढं त्याला कळत होतं.

त्यानंतर तो आठवड्यातून दोन-तीनदा मागून यायचा, घंटी वाजवायचा, फर्लांगभर माझ्या वेगानं चालायचा आणि जायचा. त्याला शर्यत म्हणता येणार नाही. पण 1979 च्या जुलैत एक दिवस भर पावसात मी संध्याकाळी घरी निघालो होतो, तर हॅरिस पूल ओलांडून बोपोडीचा चढ लागतो तिथे पुढे लूना दिसली. फटफट नव्हती. प्लगमध्ये पाणी गेलं असावं. आणि हा गृहस्थ, डॉक्टरांनी सायकल बंद केलेला, त्या पन्नास किलोच्या धुडाची पॅडलं मारत चढ चढत होता. मान खाली, श्वास तोंडानं.

मी जोर केला. शेजारी आलो. घंटी एकदा वाजवली आणि टिकटिक केली.

"ठेवा खांद्यावर हात," मी म्हटलं.

"कशाला? चाललंय की."

"ठेवा म्हणतो ना. डबेवाले सांगताहेत."

त्यानं पाय थांबवले. हात ठेवला. हर्क्युलस वजनाला भीम होती म्हणून त्या दिवशी बरं झालं. हलकी असती तर दोघे आडवे झालो असतो. चालण्याच्या वेगानं, डुगडुगत, मी लूना आणि रॅलेवाला असे दोन्ही ओढत बोपोडीच्या गॅरेजकडे निघालो. तोंड उघडून श्वास घेत होतो, ते त्यानं पाहिलं नाही. रस्त्याकडेच्या पाट्या वाचत होता. तेवढ्यात मागून किटल्यांचा खणखणाट झाला आणि संध्याकाळचा दूधवाला उभ्यानं पॅडल मारत आम्हां दोघांनाही ओलांडून गेला.